आठ नंबरची जर्सी

संध्याकाळी गुडघ्याला मलम चोळत बसलो होतो, तेवढ्यात एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहितोय म्हणे. आता इतिहास म्हटलं तरी मला दमायला होतं.

"सर, यवतमाळच्या फायनलची स्कोअरशीट सापडली. शेवटचे सगळे बास्केट आठ नंबरवाल्या मारोतीच्या नावावर आहेत. मोठाच खेळाडू असेल ना?"

हातावरच्या मलमाचा वास एकदम नाकात भरला.

त्या दिवशी माझी जर्सी खांद्यापासून टरकन फाटली आणि रेफ्रीनं मला बाहेर काढलं. मारोती आमचा राखीव खेळाडू; वर्षभर आमच्याच पायांना मलम चोळायचा. त्यानं अंगातली जर्सी काढून माझ्या हातात दिली.

"माही घाल. पण शेवटी वापस देजो, मले दोन मिनिटं तरी खेळू दे. बाबा घाटंजीहून आले हायेत."

जर्सीला घामाचा नाही, मलमाचा वास होता. माझे बास्केट पडत गेले, लोक ओरडत राहिले. मारोती बनियनवर बाकावर बसून होता. मैदानाच्या कडेला त्याचे बाबा टाचा उंचावून त्यालाच शोधत होते. मला ते दिसत होतं. शिटी वाजली, आम्ही जिंकलो, जर्सी माझ्याच अंगात राहिली.

संघासाठीच केलं, असं पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आता तेही म्हणवत नाही.

"सर, ऐकू येतंय ना?"

"हो. मारोतीच खेळला," मी म्हणालो. "त्याचे बाबा बघायला आले होते, तेही लिहा."