ई-गेटने वाचवलेली मिनिटं

“बावीस ई-गेट कार्डं. रिन्यू करायची की खलास?” जनरल मॅनेजर नबील साहेबांनी यादी माझ्यापुढे सरकवली. “पंधरा दिवसांत रिपोर्ट दे. एकच पान.”

२००९ साल होतं. दुबईतल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी अॅडमिन ऑफिसर होतो. मंदीमुळे साइटवरच्या क्रेन थांबल्या होत्या. अॅडमिनमध्ये मी आणि थॉमस असे दोघं. महिनाअखेरीला एकालाच ठेवणार, हे आम्हाला सांगून झालं होतं. नोकरी गेली की व्हिसा रद्द. मग महिन्याभरात शारजातलं घर आणि मुलीची शाळा आवरून परत जायचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कंपनीने मला इथे आणलं याचं मला अप्रूप होतं, आजही आहे. रिपोर्ट चोख करायचा, असं ठरवलं.

ई-गेट म्हणजे पैसे भरून घ्यायचं कार्ड. विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत थांबायचं नाही. यंत्रात कार्ड घालायचं, बोट टेकवायचं, की काचेचं दार उघडतं. फी दोनेकशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे अडीच हजार रुपये. तेजीत कंपनीने मॅनेजरपासून फोरमनपर्यंत बऱ्याच जणांना कार्ड काढून दिलं होतं. सिक्युरिटीला मात्र पट्टा सगळ्यांनाच काढावा लागायचा.

मी सगळ्यांना ईमेल केला : कार्डामुळे किती वेळ वाचतो? सगळ्यांचं उत्तर आलं, किमान एक तास. त्यातल्या एकाने दोन वर्षांत प्रवासच केला नव्हता.

फायनान्सचे कुलकर्णी हसले. “अहो माने, फुकटात मिळालेलं कार्ड परत घेऊ का असं विचारल्यावर लोक दुसरं काय सांगणार?”

मग मी दुसरी पद्धत काढली. त्या पंधरवड्यात परतणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, गेट ओलांडलं की मला मिस्ड कॉल द्या. मी विमानतळाबाहेर वही घेऊन उभा. मिस्ड कॉलची वेळ लिहायची, माणूस बाहेर आल्याची वेळ लिहायची.

पहिले आले आमचे एस्टिमेटर साळुंखे. गेट दोन मिनिटांत पार झाल्याचं त्यांनी सांगितलं. बाहेर यायला त्यानंतर चाळीस मिनिटं. साध्या रांगेतली माणसं त्यांच्या बरोबरीने बाहेर पडत होती.

“सामानाच्या बेल्टपाशी मीच पहिला पोचलो,” ते म्हणाले. “पण आईच्या लोणच्याचा खोका शेवटून दुसरा आला.”

भारतातून येणाऱ्या सगळ्यांचं हेच झालं. एकही जण दोरीने बांधलेल्या खोक्याशिवाय आला नाही.

फोरमन जाधवांचा मिस्ड कॉल आलाच नाही. ते सगळ्यात शेवटी बाहेर आले आणि मला बोटं दाखवली. वीस वर्षं सिमेंट आणि टाइल्सच्या कामात रेषा झिजून गेल्या होत्या.

“मशीन म्हणतं, हा तू नव्हेस. मग रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिलो.”

खरा फायदा झाला तीन सर्व्हिस इंजिनीअरांना. सकाळी मस्कतला जाऊन संध्याकाळी परत, हातात फक्त लॅपटॉपची बॅग. त्यांचा प्रत्येक वेळी अर्धा तास वाचत होता.

एका शुक्रवारी माझ्याशेजारी नबील साहेबांचा ड्रायव्हर बशीर उभा होता. साहेब कुटुंबासह सुट्टीवरून येत होते. बशीरचा फोन वाजला.

“साब गेट से निकल गया,” तो मला म्हणाला. “अब बोलेगा यल्ला, चलो, गाड़ी लाओ. फिर आधा घंटा कोई नहीं आता. मॅडम और बच्चा लोग के पास कार्ड किधर है?”

अठ्ठावीस मिनिटांनी सगळे एकदम बाहेर आले. मी वहीत लिहिलं.

रिपोर्ट वाचून कुलकर्णींनी दार लावून घेतलं. “साहेबांची ओळ काढा. महिनाअखेरीला एकालाच ठेवणार आहेत, ते बघा जरा.”

रात्रभर विचार केला. ती ओळ काढली, तर जाधवांचं कार्ड बिनकामाचं, ही ओळ ठेवायला मला तोंड राहिलं नसतं. सकाळी रिपोर्ट तसाच दिला.

नबील साहेबांनी पेन एका ओळीवर टेकवलं. “हा मी?”

“येस सर.”

“‘गेट पार. नंतर अठ्ठावीस मिनिटं प्रतीक्षा. मॅडम व मुले साध्या रांगेत.’ हे तुला कोणी सांगितलं?”

“मी स्वतः बाहेर उभा होतो, सर.”

“माझी बायको म्हणते, तिला चाळीस मिनिटं लागतात.”

“मी अठ्ठावीसच मोजली, सर.”

त्यांनी तीन इंजिनीअरांची नावं ठेवून बाकीची खोडली. सगळ्यात आधी स्वतःचं.

महिनाअखेरीला मला ठेवलं. पगार कमी केला आणि थॉमसचं काम माझ्याकडे दिलं. थॉमस फाइली माझ्यापेक्षा नीट ठेवायचा. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

असलं कार्ड घ्यावं का, हे लोक मला अजून विचारतात. हातात एकच बॅग आणि बरोबर कोणी नाही, असा प्रवास असेल तर जरूर घ्या. बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं. तिथे निदान घरच्यांशी बोलता तरी येतं.