दाजींचा रुसवा

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितलेली नाही. म्हणून आधी दाजींविषयी लिहितो. स्वतःवर यायला मला नेहमीच उशीर होतो.

सातारा-सांगलीच्या सगळ्या पट्ट्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याइतका रुसण्यात तरबेज माणूस दुसरा झाला नसेल. आष्ट्याचे हे दाजी लग्नाला निघायचे ते रुसायच्या तयारीनंच. पत्रिकेत नाव दोन ओळी खाली छापलं, तर तांबड्या पेन्सिलीनं दुरुस्त करून त्यांनी ती परत धाडली होती. सांगलीच्या एका लग्नात फेटा आधी मामाला बांधला, तर हे तडक आष्ट्याच्या रस्त्याला लागले. शेवटी नवरदेव मुंडावळ्यांसकट मोटारीतून मागे धावला आणि मैलाच्या दगडावर बसलेल्या दाजींना त्यानं तिथंच फेटा बांधला. दाजी म्हणाले, "घाई न्हाई. पर नीट बांध." मी त्यांच्याच घरी राहून शिकलो. पहिलं ताट त्यांचं, शेजारचं माझं, आणि आल्यागेल्या प्रत्येकाला, अगदी भांडीवाल्यालासुद्धा, "ह्यो माझा मेव्हणा" ही ओळख ठरलेली.

चौऱ्याहत्तर साली आमच्या कुपवाडच्या कारखान्याला मुंबईच्या एका साहेबांकडून मोठं काम हवं होतं. साहेब उतरले होते धरणाच्या पाण्यानं बेट झालेल्या एका डोंगरावर, कड्याच्या टोकाशी बांधलेल्या महागड्या हॉटेलात. मालकांनी मलाही दोन दिवस तिथं पाठवलं. बायको कड्याला घाबरली, म्हणून सोबतीला दाजी आले. लाँचमध्ये पाय ठेवल्यापासून त्यांचा संताप सुरू. शांतता विकत घ्यायची, हेच त्यांना सोसेना. "उसाच्या फडात जाऊन बस की, कुत्रंबी हाक मारायचं न्हाई." चहा, दूध, साखर वेगवेगळी आली, तर वेटरला म्हणाले, "आमीच करायचा हुता, तर तू कशाला आलास बाबा?" कड्यावरच्या आरामखुर्चीत मात्र ते टेकलेच नाहीत, शेजारच्या दगडावर बसले. "खाली गावं बुडाली, आन वर ही माणसं पाणी बघाय येत्यात."

तेवढ्यात साहेब आले. दाजींच्या धोतराकडे, पायताणांकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गडी आहे आमचा."

दाजींनी ऐकलं. आता ते उठणार, धक्क्याकडे चालू लागणार, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं रुसणं रास्त असणार! दाजी उठले. माझी बॅग उचलून त्यांनी खोलीत नेऊन ठेवली. पुढचे दोन दिवस ते मागच्या बाजूला नोकरांच्या पंगतीत जेवले. काम आम्हाला मिळालं.

परतताना लाँचमध्ये मी काही बोलू गेलो, तर म्हणाले, "काम झालं न्हवं? मग अक्काला यातलं काय सांगू नगंस. ती रुसंल."

मला त्या हॉटेलचा राग येतो, साहेबांचा येतो, आणि फिरून दाजींचाच येतो. जन्मभर फेट्याच्या शेमल्यासाठी रुसलात, मग त्या दिवशीच काय झालं होतं तुम्हाला? रुसला असतात, तर समजूत तरी काढता आली असती.

दाजी गेल्या वर्षी गेले. "हे माझे दाजी" एवढं चारचौघांत म्हणणं मी अजून त्यांचं देणं लागतो.