वेदीपुढचं पीक

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे शेतातलं, परसातलं पहिलं पीक मांडतात. यंदा दुसऱ्या रांगेतूनही मला ढोबळी मिरच्यांवरचं प्लास्टिक चमकताना दिसत होतं. दुकानाचं लेबलसुद्धा कुणी काढलं नव्हतं. देवापुढे ठेवताय, निदान तेवढं तरी खरवडा!

गेल्या सणापर्यंत चर्चच्या मागे मार्थाबाईंचे वाफे होते. मेथी, चवळी, वांगी. ज्यांच्या घरी भाजीला काही नसायचं, त्या बाया तिथून खुडून न्यायच्या आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मग मंडळीच्या सभेत निघालं, की गाड्या लावायला जागा नाही. वाफ्यांवर पेव्हर ब्लॉक बसले. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. मला गाडी लांब लावून चालत यावं लागायचं ना!

आणि दर रविवारी प्रार्थनेत आम्ही देवाकडे रोजची भाकर मागतो. कुठल्या तोंडानं मागतो? त्या भाकरीवरची भाजी जिथे उगवत होती, तिथे आता आमची चाकं उभी असतात.

अर्पणाच्या वेळी मार्थाबाई डोक्यावर टोपली घेऊन सावकाश पुढे आल्या. टोपली वेदीपुढे उतरवली. आत एक पेव्हर ब्लॉक होता.

“हे काय, मार्थाबाई?” पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

“यंदाचं पीक, साहेब. आपल्या वाफ्यातलं.”

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि सगळ्या पिकावर आशीर्वाद मागितला. आम्ही ‘आमेन’ म्हणालो आणि गाड्या काढायला चर्चच्या मागे गेलो.