दाजींचे दोन तास

अख्ख्या लातूर शहरात उन्हाशी उभं वैर धरलेला माणूस एकच, तो म्हणजे आमचे दाजी. डाळमिलचे हमाल, बाजारातले अडते, क्लासला पळणारी पोरं, सगळी जनता उन्हाला कधीच सरावली. पण दाजी दर दोन तासांनी खिशातून सनस्क्रीनची ट्यूब काढून लढाईला उतरायचे. लढाई चालायची ती माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या तोंडावर. अक्का जाऊन आता वर्ष होत आलं. दाजींचं ते वेड आठवलं की अजून हसू येतं.

दाजी शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. तीस वर्षं ग्राउंडवर भाजून निघालेला गडी, गळ्यात कायम शिट्टी. घरीसुद्धा दहा, बारा, दोन आणि चार वाजता शिट्टी व्हायची आणि अक्का हातातली पोळी तव्यावर सोडून तोंड पुढे करायची. दोन बोटं भरून क्रीम, त्यात रतीभर कमी चालायचं नाही. "कान इसरायचे न्हाईत, कानाला बी कातडंच असतंय," असं बजावत ते मानेपर्यंत जायचे. मधेच घाम पुसला किंवा तोंड धुतलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आभाळ आलंय म्हणून अक्का नको म्हणाली तर विचारायचे, "ढग म्हंजी काय स्लॅब हाय का?" एकदा आम्ही माहूरला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत बरोबर बाराला शिट्टी वाजली. पुढचे लोक पोलीस आले समजून मुकाट एका ओळीत आले. अक्काचं उरकल्यावर दाजींनी माझ्या मानेला चोपडलं आणि हात रिकामा राहू नये म्हणून मागच्या एका आजीबाईंच्या नाकालाही बोट लावलं. त्यांना वाटलं, देवीचा अंगारा. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि सुनेसाठी थोडा पदरात मागून घेतला.

पण दाजी जन्मापासून असे नव्हते. अक्काला ल्युपस झाला. अंगातली ताकद अंगावरच उलटते असा तो आजार, आणि उन्हानं तो भडकतो. डॉक्टरांनी क्रीम लिहून दिलं आणि बजावलं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी लावायचंच. दाजींना ते पटलं नाही. सकाळी एकदा लावलं की झालं, असा त्यांचा खाक्या. "देवपूजा बी दिवसातून एकदाच असती. तुझ्या तोंडाला कामून घडीघडी?" असं ते म्हणायचे. अक्काही प्राथमिक शाळेत शिकवायची, पण घरात तिनं कधी आवाज चढवला नाही.

मग बिलोलीला एक लग्न होतं, ऐन मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्ताचं. नवरदेवाची वाट पाहत आम्ही सगळे मांडवाबाहेर उभे. अक्कानं पर्समधून ट्यूब काढली तसे दाजी चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "आता ह्या वयात कोणाला दाखवायचंय?" बायका खळखळून हसल्या. मीही हसलो. अक्काही हसली, ट्यूब परत आत टाकली आणि चार वाजेपर्यंत तशीच उन्हात वावरत राहिली.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला, गाल लालभडक झाले, सांधे धरले. पुढे आजार मूत्रपिंडांत उतरला. एका दुपारवर दोष ठेवता येत नाही, आजार आपल्या वाटेनं जातो, असं डॉक्टरांनी दाजींना दोनदा सांगितलं. दाजींनी ते ऐकून घेतलं नाही. शिट्टी त्याच आठवड्यात घरात आली आणि तीन वर्षं एकही वेळ चुकली नाही.

शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. खोलीला जाड पडदे, उन्हाचा कवडसा नाही, तरी दाजींचं दोन-दोन तासांनी चालूच. दाजी चहाला गेले असताना सिस्टर मला म्हणाली, "इथं काय गरज न्हाई ओ, सांगा त्यांना." मी उठलो, तर अक्कानं मनगट धरलं. "मला ठावं हाय," ती म्हणाली, "पर ह्यांना सांगू नकोस. तीस वर्षांच्या संसारात कधी माझ्या गालाला हात लावला न्हाई रे. आता दर दोन तासाला लावून राहिलेत. लावू दे." मी खाली बसलो.

परवा लातूरला गेलो, तर दाजी भर दुपारी उघड्या डोक्यानं अंगणात बसलेले. नाकाची सालपटं निघालेली. काही लावा तरी म्हटलं, तर "मला कामून?" एवढंच म्हणाले. नाकाचं सालपट खुडत त्यांनी विचारलं, "तुझ्या अक्कानं माफ केलं असंल का रे मला? कायच बोलून गेली न्हाई." मग मला राहवेना. पडद्याच्या खोलीत ती जे बोलली होती ते मी त्यांना शब्दाला शब्द सांगितलं.

दाजी आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आधी कामून न्हाई सांगितलंस? मी तासातासाला लावलं असतं की रे."