दोन बोटं जास्त

माझ्या आत्याची कात्री जितकी चालायची, तितकंच तोंडही. लढाई सुरू झाली तसे आमच्या शिवणखान्यात बायकांचे कपडे बंद झाले आणि सैनिकांचे सदरे आले. मी मशीनवर बाह्या जोडायचे, आत्या समोरच्या मेजावर त्या कापायची. पत्र्याचा नमुना कापडाच्या थरांवर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि रेघेवरून कात्री न्यायची, एवढंच काम.

पण आत्याची कात्री रेघेबाहेरून जायची. तिचा मुलगा, आमचा लंबू, सीमेवर होता. त्याचे हात पहिल्यापासून असे लांब, की दुकानातला कुठलाही सदरा मनगटाच्या वरच अडायचा. म्हणून घरी त्याचं शिवताना ती बाहीला दोन बोटं जास्त सोडायची. ती खोड तिने इथेही आणली.

साहजिकच कापड कमी पडू लागलं. मुकादम तणतणत आला.

"आत्याबाई, तुमचा लंबू एकटाच लढतोय का तिकडे? बाकीच्यांनी काय बाह्या दुमडत बसायचं?"

"दुमडता तरी येतात. आखूड झाल्या तर ओढून वाढवणार आहात का?"

"पुन्हा असं झालं तर बटणं लावायला बसवीन," म्हणून तो पाय आपटत गेला. आत्याने पुढची रेघ मारायला घेतली. मला तिचा भयंकर राग आला. तिला मेजावरून हटवलं असतं तर बटणं लावायला ती बसली नसती; घरात बसून झुरली असती.

"आत्या, अगं ढिगाने सदरे जातात. तुझाच त्याला मिळेल कशावरून?"

"कुठला मिळेल ते कळत नाही, म्हणून तर सगळेच लांब कापते," ती म्हणाली.

पुढे लंबू लढाईत कामी आल्याची बातमी आली. काही दिवस आत्या घराबाहेर पडली नाही. मग एका सकाळी पाहते तर ती मेजापाशी उभी, कापडाचे थर सारखे करतेय. मुकादम जवळ आला. त्याला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"आत्याबाई, सोडा दोन बोटं जास्त. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

"नको. मापात कापते."

दिवसभर तिच्या बाह्या माझ्याकडे येत राहिल्या. प्रत्येक जोडी मी नमुन्याला लावून पाहत होते. एक तरी लांब निघावी, असं मनापासून वाटत होतं. एकही निघाली नाही.