भावाच्या जामिनाचा दिवस

धाकट्या भावाला पोलिसांनी मिरजगावातल्या त्याच्या दुकानातून नेलं, तेव्हा त्याची बायको सावेडीत माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. एका हाताला प्लॅस्टर, समोर गार झालेला चहा. आदल्या दिवशी ती एकटीच एसटीनं माझ्याकडे आली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नाही. नवऱ्यानं पाइपनं मारलं." दवाखान्यातूनच पोलिसांना कळवलं गेलं आणि तिचा जबाब झाला.

मग आईचा फोन. "आगं, पोराला उचलून नेलं! आन् तू तिला घरात घेऊन बसलीस व्हय?"

मी मिरजगावला निघाले. भावजयीनं दारात विचारलं, "ताई, आज सोडतील का त्यांना?" मला माहीत नव्हतं. बसमध्ये सगळा वेळ तोच प्रश्न डोक्यात होता, आणि त्याला सोडावं असं मला वाटतंय की नाही, हेही कळत नव्हतं.

पोलीस ठाण्यात आई डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिथल्या महिला पोलिसानं समजावून सांगितलं, "आज इथंच राहील. दवाखान्यात तपासणी होईल, उद्या कोर्टात उभं करू. जामीन द्यायचा की कोठडीत ठेवायचं, ते कोर्ट ठरवतं."

"मारलं तर न्हाई ना त्याला?" आईनं विचारलं.

"मावशी, त्याला कुणी बोट लावलेलं नाही."

भावाचा पट्टा आणि मोबाईल काढून घेतला होता. पँट एका हातानं धरून तो गजाआड उभा होता. "ताई, तिला सांग ना, तक्रार मागं घे म्हणून. रागाच्या भरात झालं."

"ती कशी आहे, ते तरी विचार."

त्यानं पँट पुन्हा वर ओढली. लहानपणी मार चुकवायला तो माझ्यामागे लपायचा. मला रडू आलं, ते लपवायला मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या कोर्टात वकील म्हणाले, जामीनदार लागेल. आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू ऱ्हा. सख्खी बहीण हायेस."

"नाही आई. ती माझ्या घरात आहे. उद्या हा दारात आला तर मी कुणाच्या बाजूनं उभी राहू?"

आईनं तोंड फिरवलं. शेवटी चुलते जामीन राहिले. कोर्टानं अटी घातल्या: बायकोला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, ठाण्यात हजेरी द्यायची. ऐकून थोडं बरं वाटलं. पण संध्याकाळपर्यंत तो बाहेर येणार होता. कागदावरची अट त्याला कशी अडवणार? मी घरी फोन लावला.

"दार आतून लावून घे."

ती म्हणाली, "म्हणजे सुटले."

पुढचे काही आठवडे इमारतीखाली रिक्षा थांबली तरी आम्ही दोघी बोलायच्या थांबायचो. तो आला नाही. पण एका दुपारी माझ्या मोबाईलवर त्याचा फोन आला. "ताई, दोन मिनिटं तिला दे फक्त." तिनं नाही म्हणून मान हलवली. मी फोन बंद केला आणि तशीच बसून राहिले. पोलिसांना सांगावं तर भाऊ परत आत जाणार.

"तुम्हाला जड जात असेल तर मी सांगते," ती म्हणाली.

आम्ही दोघी मिळून मिरजगावच्या ठाण्यात गेलो. त्याच महिला पोलिसानं आमच्यासमोर त्याला फोन लावला. "पुन्हा फोन केलास तर जामीन रद्द करायला कोर्टात अर्ज देईन. समजलं?" त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

पुढे त्यानं तिच्यापासून लांब राहावं असा वेगळा आदेश कोर्टानं दिला, तिचा खर्चही द्यायला लावला. ती आता सावेडीतच खोली घेऊन राहते, शिवणकाम करते. खटला चालू आहे. तारखेला मी तिच्यासोबत जाते. समोरच्या बाकावर भाऊ आणि आई असतात. आई माझ्याशी बोलत नव्हती. मागच्या तारखेला मात्र तिनं तिथूनच विचारलं, "जेवलीस का?"

मी हो म्हणाले. खरं तर जेवले नव्हते.