चौतीस नंबरचा बाप

माझे वडील कोनराड वाइट्झेल यांनी आयुष्यभर बीट उपटलं. साखर कारखान्याला लागणारं पांढरं बीट, नेब्रास्काच्या काळ्या मातीतलं. त्यांची नखं मी कधी स्वच्छ पाहिली नाहीत. हळू आवाजात बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि इंग्रजी बोलायला लागले की तोंडात खडे धरल्यासारखं बोलत. खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. दातांनी फोडायच्या, टरफलं थुंकायची आणि समोर येईल त्याच्याशी गप्पा ठोकायच्या. आमच्या वस्तीत सगळेच असे, रशियातल्या व्होल्गा नदीकाठून आलेले जर्मन. तिथे ते खपून जाई. मी कॉलेजात गेलो आणि मला माझ्या बापाची लाज वाटायला लागली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको.

त्रेचाळीसचं साल होतं, जर्मनीशी लढाई चालू. थोरला भाऊ योहान इटलीत लढत होता. मला मात्र कानाचा पडदा फाटलाय म्हणून सैन्याने परत पाठवलं. फुटबॉलला कान लागत नाही. आमचा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू बगलेत मारून धावायचं आणि समोरच्याला आडवं करायचं. त्या वर्षीची आमची टीम म्हणजे सगळा उरलासुरला माल. सतरा वर्षांची पोरं, माझ्यासारखे सैन्याने नाकारलेले, आणि नौदलाने शिकायला पाठवलेले आठ जण. त्या आठांना बोलावणं कधी येईल याचा नेम नसे. या शनिवारी शेजारी खेळलेला गडी पुढच्या शनिवारी गेलेला असायचा. खरे कोच जहाजावर होते, म्हणून रसायनशास्त्राचे लिंडक्विस्ट सर गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहत. पेट्रोलला रेशन, त्यामुळे सामने पाचच. पहिले तीन आम्ही हरलो; हवाईतळाच्या टीमने तर सत्तेचाळीस-शून्याने चोपलं.

जर्सीसुद्धा नव्या मिळत नव्हत्या. लढाईवर गेलेल्यांच्या आम्ही घालायचो. मला चौतीस नंबरची मिळाली. ती रॉय हॉलिस्टरची. रॉय तेव्हा पॅसिफिकमध्ये कुठल्याशा बेटावर होता.

नौदलाच्या पोरांत डफी नावाचा एक तोंडाळ होता. माझं आडनाव ऐकून त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "वाइट्झेल? मग तू नक्की कुठल्या बाजूने खेळणार रे?"

"आम्ही डच आहोत," मी म्हणालो.

"डच! मग तुझा म्हातारा लाकडी बूट घालून फिरत असेल."

"घालतो ना. झोपतानासुद्धा."

पोरं खो खो हसली, मीही हसलो. आता एकदा डच झाल्यावर, तोंड उघडताच जर्मन कळणाऱ्या बापाला तिथे आणायची सोयच राहिली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी वडिलांचा दिवस असे. त्या दिवशी खेळाडूंचे वडील प्रेक्षकांत नाही, थेट टीमच्या बाकावर बसत, पाठीवर मुलाचा नंबर लावून. मध्यंतरात भोंग्यावरून एकेकाचं नाव पुकारलं जाई. मुलगा धावत बापाशेजारी जाऊन उभा राही आणि लोक टाळ्या वाजवत. सरांनी घरी पाठवायला निमंत्रणं दिली. माझं मी फाडून टाकलं.

"बाबांना नाही जमायचं, सर," मी सांगितलं. "बीटची काढणी चालू आहे."

काढणी चालू होतीच. खोटं बोलायला बीट फार सोयीचं पीक.

"अरेरे," सर म्हणाले. "मग असं करू या का? रॉयचे वडील दर सामन्याला येतात, एकटेच बसतात बिचारे. त्यांना तुझ्या वडिलांच्या जागी चौतीस लावून बसवू. त्यांनाही बरं वाटेल."

"चालेल की, सर."

नुसतं चाललं नाही, आवडलं. मिस्टर हॉलिस्टरांचं चष्म्याचं दुकान होतं. राखाडी हॅट, मऊ बोलणं, हातरुमालाची घडी न मोडलेली. असा बाप असता तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं.

मध्यंतरात भोंगेवाल्याने आपली जुनीच यादी वाचली. "नंबर चौतीस, हँक वाइट्झेल, आणि त्याचे वडील!" कॉलेजात मी हाइनरिखचा हँक झालो होतो.

हॉलिस्टर गोंधळून अर्धवट उठले. यादी चुकली आहे, एवढंच मी सांगायला हवं होतं. मी धावत गेलो आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. टाळ्या झाल्या. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "माफ कर हं बाळ, तुझ्या वडिलांच्या टाळ्या मी घेतल्या."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

तोही सामना हरलो. हॉलिस्टर आणि डफीबरोबर बाहेर पडलो, तर फाटकाशी माझे वडील उभे.

वर्तमानपत्रात त्यांनी या दिवसाबद्दल वाचलं होतं. लढाईच्या दिवसांत टपालाचा भरवसा नव्हता. निमंत्रण वाटेत हरवलं, असं ते धरून चालले. काढणीचा दिवस बुडवून, तीन बस बदलून आले होते. वारा असा बोचरा की डोळ्यांतून पाणी यावं, आणि हे नुसत्या शर्टवर. रविवारचा काळा कोट उलटा करून, अस्तर वर घेऊन, हातावर टाकलेला. घडीतून पांढऱ्या चादरीचा तुकडा दिसत होता. कापून शिवलेला तीनचा आकडा. टाके आईचे होते, ते मी लांबूनही ओळखले असते.

"कोण रे हे?" डफीने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला वेळ दिला, हे मला आज कळतं. तीन-चार श्वास तरी ते थांबले. मी बुटांच्या नाड्या बघत राहिलो.

"मी शेजारी," ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज हळू ऐकला. "वाइट्झेलांच्या शेजारचा. काम होतं इकडे. म्हटलं, पोराचा खेळ बघू." मग हॉलिस्टरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचा मुलगा चांगला खेळला."

"अहो, नाही, हा माझा..." हॉलिस्टर सांगायला लागले.

"चला, गारठा फार आहे," म्हणत मी हॉलिस्टरांचा दंड धरला आणि त्यांना पुढे घेऊन गेलो. मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर बाबा सव्वीस वर्षं जगले. त्या शनिवारबद्दल त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी सुटलो तरी असतो.

पण त्याच महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी गेलो, तेव्हाचं अजून सांगायचं राहिलंय. लिझबेट मावशी जेवायला आली होती. आईने कोबी आणि खिमा भरलेले पाव भाजले होते, आणि तिचं तोंड थांबत नव्हतं.

"अगं, भोंग्यावर नाव घेतलं यांचं! हे बाकावरून उठले आणि लोकांकडे पाठ करून उभे राहिले, सगळ्यांना नंबर दिसावा म्हणून. हो की नाही हो?"

"हं," बाबा म्हणाले.

"हे कुठले धड सांगायचे! हाइनरिख, तू सांग रे मावशीला, बाबा उभे राहिले तेव्हा किती टाळ्या पडल्या?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पावाला लोणी लावत होते.

"खूप, आई," मी म्हणालो. "सगळं मैदान उभं राहिलं होतं."

"पुरे आता," बाबा म्हणाले. "पोराला जेवू दे." आणि लोणी लावलेला तो पाव त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

मी तो खाल्ला.